‘ॲ’ची चौकट : लिनक्स वितरणांतील स्थैर्य आणि नव्या आवृत्त्या

मराठीतला ‘ॲ’ हा स्वर संगणकाच्या जगात तसा उशिरा जन्मला. ‘ॲड.’, ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ हे शब्द आपण कितीतरी वर्षे लिहीत आलो. पण युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात या स्वराला स्वतःचा क्रमांक मिळाला तो एप्रिल २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. क्रमांक ०९७२. त्याआधी ‘अ’ काढायचा आणि त्याच्या डोक्यावर अर्धचंद्र बसवायचा, अशी जोडणी करून काम भागवले जाई. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला. त्यातही ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांच्या ओळीत जागा मिळाली.

आता मार्च २००७मध्ये आलेली ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ची पाचवी आवृत्ती घ्या. तिची देखभाल दहा वर्षे, म्हणजे २०१७पर्यंत चालली. तिच्यासोबत आलेला देवनागरी फॉन्ट अर्थातच २००८च्या आधीचा. अशा यंत्रावर कोणी २०१०मध्ये नव्या पद्धतीने टंकलेला ‘ॲ’ उघडला, तर अक्षराच्या जागी एक बारीक चौकट आणि तिच्यात ०, ९, ७, २ हे चार आकडे दिसणार. यंत्र बिघडलेले नसते. मालकाला दिलेला शब्दच ते पाळत असते : वर्षानुवर्षे मी बदलणार नाही.

दिलेला शब्द पाळायचा की नवे अक्षर शिकायचे, हा लिनक्सच्या जगातला रोजचा वाद आहे. साहित्याच्या वाचकाला तो परका वाटायचे कारण नाही. पाठ कुठे गोठवायचा आणि कुठे सुधारायचा, हा प्रश्न आपल्याकडे छपाईच्याही आधीपासून आहे.

आधी शब्दांची ओळख. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ नावाचा जो गाभा लिहायला घेतला, तो एकटा आपल्या काही उपयोगाचा नाही. त्यावर फॉन्ट लागतो, अक्षरजोडणी करणारा भाग लागतो, छपाईयंत्राशी बोलणारा भाग लागतो, ब्राउझर लागतो, पत्र लिहायला काहीतरी लागते. हे सगळे जगभरातल्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता लिहिलेले असते. ते गोळा करून, एकमेकांशी जुळवून, बांधून जो संच आपल्या हाती येतो त्याला ‘डिस्ट्रिब्युशन’ किंवा वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही अशी वितरणे. त्यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक ‘पॅकेज’. डेबियनच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत अशी सुमारे सत्तर हजार पॅकेजेस आहेत.

मूळ प्रोग्राम लिहिणारा लेखक वेगळा आणि पॅकेज बांधणारा वेगळा. पुष्कळदा दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. पॅकेज बांधणाऱ्याची भूमिका संपादक आणि प्रकाशक यांच्या मधली. लेखकाने नवे हस्तलिखित पाठवले, तर ते लगेच छापायचे की चालू आवृत्तीच ठेवायची, हे तो ठरवतो.

नवे आले की घ्यावे, यात अडचण काय, असे कोणीही विचारील. अडचण धाब्याच्या घरासारखी आहे. आपल्या खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात एक तुळई बदलायची म्हटले, तर तिच्यावरच्या कड्या उतरवाव्या लागतात आणि कड्यांवरची माती काढावी लागते. ती माती शेजारच्या खोलीच्या धाब्याशी एकजीव झालेली असते. संगणकातही कितीतरी प्रोग्राम काही सामाईक तुळयांवर टेकलेले असतात. (संगणकवाले त्यांना ‘लायब्ररी’ म्हणतात, आपल्या वाचनालयाशी त्यांचा संबंध नाही.) लिबरऑफिसची नवी आवृत्ती हवी, तर ती म्हणते, मला अक्षरजोडणीचा अमुक भाग अमुक क्रमांकाच्या पुढचा लागेल. तो बदलला की त्याच्यावर टेकलेला ब्राउझर कुरकुरतो. एका माणसाच्या हौसेपायी दहा जणांचे चालू काम थांबू शकते.

यावर डेबियनने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांच्याकडे तीन खोल्या आहेत. पहिलीत, ‘अनस्टेबल’मध्ये, नवे पॅकेज येऊन पडते. काही दिवस, साधारणतः दोन ते दहा, त्याच्याविरुद्ध गंभीर तक्रार आली नाही आणि त्याने शेजाऱ्याला त्रास दिला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. मग दोनेक वर्षांनी ‘टेस्टिंग’चे दार बंद करतात. नवे काही घ्यायचे नाही, फक्त दुरुस्त्या करायच्या. असे काही महिने गेल्यावर ती खोली ‘स्टेबल’ म्हणून जाहीर होते. या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची नावे देतात आणि ‘अनस्टेबल’चे नाव कायम ‘सिड’ असते. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. रावेर-यावलचा केळीवाला नवे वाण आधी एका तुकड्यात लावून पाहतो, एकदम सगळ्या शेतात नाही. त्याला ही रचना वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

इतरांनी वेगळे मार्ग पत्करले. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिने सांभाळते. ‘आर्च’मध्ये आवृत्तीच नाही; रोज जे येईल ते घ्यायचे, नदी वाहत राहते. उबुंटूने २००६पासून मधला रस्ता धरला : दर सहा महिन्यांनी साधी आवृत्ती, आणि दर दोन वर्षांनी एक ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घकाळ सांभाळायची. आज तिची नियमित देखभाल पाच वर्षे चालते.

दार बंद करण्याची ही कल्पना आपल्याला नवी नाही. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले पाठभेद त्यांनी निस्तरले आणि यापुढे कोणी या ग्रंथात स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. ती ‘स्टेबल’ आवृत्तीच होती. वारकऱ्यांना पारायणासाठी तीच हवी होती, कारण दहा जण एकत्र बसून वाचणार तर प्रत्येकाच्या पोथीत एकच शब्द हवा. उलट १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून आपल्याला मिळालेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती भाषेच्या अभ्यासकासाठी. राजवाड्यांचा अंत धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाने पुढच्याच वर्षी उभे राहिलेले संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांच्या खटपटीतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर, या दोन्ही धुळ्याच्या वास्तूंत पोथ्या चाळताना एक गोष्ट हटकून दिसते. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासलेला असतो आणि त्यावर किंवा समासात नेमके अक्षर लिहिलेले असते. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला. लेखनिकाने अख्खी पोथी पुन्हा लिहिलेली नसते. पानही बदललेले नसते. एक अक्षर तेवढे बदललेले असते.

‘स्टेबल’ सांभाळणारे नेमके हेच करतात. समजा एखाद्या प्रोग्रामच्या १.४ आवृत्तीत चोरवाट सापडली. मूळ लेखक म्हणतो, १.९ घ्या, तिथे दुरुस्ती केली आहे. पण १.९मध्ये दुरुस्तीबरोबर शंभर नव्या गोष्टी आणि दहा नव्या तुळयांची मागणीही आहे. म्हणून पॅकेज बांधणारा १.९मधल्या नेमक्या त्या दहा ओळी शोधतो आणि १.४च्या अंगाला बेतून तिथे बसवतो. बाहेरून आवृत्ती १.४च राहते. याला ‘बॅकपोर्ट’ करणे म्हणतात. यात नाव होत नाही, पैसा तर पुष्कळदा मिळतच नाही, आणि चूक झाली तर सगळे जग बोट दाखवते.

चूक होतेच. डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६मध्ये एक बदल झाला. तपासणीचे एक साधन दोन ओळींबद्दल तक्रार करत होते. पॅकेज बांधणाऱ्याने त्या ओळी निरुपयोगी समजून काढल्या. त्यातली एक ओळ नेमकी कुलपाच्या किल्लीत अनिश्चितता घालणारी होती. १३ मे २००८ रोजी हे उघडकीला आले, तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार होणाऱ्या एका जातीच्या किल्ल्यांची संख्या अवघ्या ३२,७६८ शक्यतांवर येऊन ठेपली होती. एवढ्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहणे संगणकाला अगदी सोपे. पोथ्यांच्या अभ्यासात आपण जे म्हणतो तेच इथे लागू पडते : अडाणी लेखनिकापेक्षा अर्थ लावून सुधारणा करणारा लेखनिक जास्त घातक.

मूळ लेखकाचेही गाऱ्हाणे असते, आणि ते मला खोटे वाटत नाही. ‘एक्सस्क्रीनसेव्हर’चे लेखक जेमी झाविन्स्की यांना वर्षानुवर्षे पत्रे येत : तुमच्या प्रोग्राममध्ये अमुक दोष आहे. दोष त्यांनी केव्हाच दुरुस्त केलेला असे. पण डेबियनच्या ‘स्टेबल’मध्ये जुनी आवृत्ती चाललेली. शेवटी त्यांनी प्रोग्राममध्येच सोय केली, की फार दिवस झाले तर पडद्यावर सूचना यावी : ही आवृत्ती फार जुनी आहे. २०१६मध्ये ती सूचना डेबियनच्या वापरकर्त्यांना दिसू लागली आणि मोठे भांडण झाले. आपल्या कादंबरीची तिसरी आवृत्ती शुद्ध करून दिल्यावरही प्रकाशक पहिलीच विकतो आणि मुद्रणदोषांची पत्रे मात्र लेखकाच्या घरी येतात, असा अनुभव या अंकाच्या लेखकांपैकी कोणाला असेल तर त्याला झाविन्स्कींचा संताप लगेच कळेल. तरी सूचना प्रोग्रामच्या पोटात लपवून ठेवणे मला पटत नाही. वाचकाच्या घरात घुसून प्रकाशकाशी भांडण्यासारखे ते झाले.

जुने सुरक्षित की नवे, यावर अनुभव एका बाजूने बोलत नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ओपनएसएसएलच्या २०१२मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत होता. ज्यांनी जुनी ०.९.८ सोडली नव्हती ते सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘शेलशॉक’ उघड झाला. तो दोष १९८९पासून तिथेच बसून होता. पंचवीस वर्षे स्थिर असलेल्या वस्तूत पंचवीस वर्षे स्थिर असलेले भोक.

सर्वांत बोलका प्रसंग मार्च २०२४चा. ‘एक्सझी’ नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक साधे साधन. ते सांभाळणारा मूळ माणूस थकलेला होता; ‘जिआ तान’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे मदत करत करत त्याचा विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरच्या यंत्रात शिरण्याची चोरवाट बसवली. मग ही नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून वितरणांच्या मागे लकडा लावण्यात आला. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या ‘सिड’वर आपले दुसरेच काम करत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी धागा सोडला नाही, आणि २९ मार्चला सगळे जगासमोर मांडले. डेबियनच्या ‘स्टेबल’ला धक्का लागला नव्हता. फेडोराच्या चाचणीच्या शाखेत आणि ‘सिड’मध्ये मात्र ती पोचली होती. महिन्याभरात येऊ घातलेल्या उबुंटूच्या २४.०४ या एलटीएस आवृत्तीच्या उंबरठ्यावरही ती येऊन थांबली होती. खबरदारी म्हणून तिची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलावी लागली. यातले एक पुष्कळदा निसटते : ‘स्टेबल’ वाचले ते ‘सिड’वर कोणीतरी रोज काम करत होता म्हणून. सगळेच शहाणे होऊन जुन्यावर बसले असते, तर हा अर्धा सेकंद कोणाला जाणवला असता?

आता हे सगळे आपल्या दारात कुठे येते, ते पाहू. देशातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ई-कोर्ट प्रकल्प सुरू झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर आणि न्यायालयातल्या यंत्रांवर उबुंटू आले. प्रकरणांची नोंद ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली तयार झाली ती पुण्याच्या एनआयसीत. जळगाव आणि धुळ्याची न्यायालये, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेतली, याच व्यवस्थेत आली. तारीख काय पडली हे पाहायला एरंडोलचा किंवा साक्रीचा पक्षकार आज मोबाइल उघडतो, त्याच्या मागे ही यंत्रणा आहे.

या प्रणालीची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. तिचा एक गाभा देशभर सारखा असतो. त्याला हात लावायचा नाही. त्याभोवती परिघ असतो, आणि आपापल्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, रिवाजाप्रमाणे जे लागेल ते परिघात बसवायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गरजा आणि मद्रासच्या गरजा सारख्या नसतात. पण दोन्हींकडची आकडेवारी एका तक्त्यात बसली पाहिजे. सत्तर हजार पॅकेजेसना एकाच मापाने मोजण्यापेक्षा काय गोठवायचे आणि काय वाहते ठेवायचे हे आधी ठरवणे, ही यातली खरी युक्ती. न्यायालयासारख्या ठिकाणी एलटीएस हवे यात वादच नाही. साक्ष चालू असताना लेखनिकाच्या पडद्यावरची बटणे रातोरात जागा बदलून बसली, तर त्याची किंमत पक्षकार मोजतो, पुढच्या तारखेच्या रूपाने.

पण स्थैर्याचा शब्द देणाऱ्याचा भरवसाही तपासावा लागतो. ‘सेंटओएस ८’ ही २०२९पर्यंत सांभाळली जाईल असे धरून जगभरच्या संस्थांनी ती घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती २०२१अखेर संपेल. हे ‘स्टेबल’ होते आणि फुकटही होते, पण मुदत दुसऱ्याच्या हातात होती.

डेबियननेही आपल्या नियमाला अपवाद केले आहेत, आणि ते कशासाठी केले हे पाहण्यासारखे आहे. ब्राउझरच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत बसवणे अशक्य झाले, तेव्हा २०१३मध्ये त्यांनी हार मानली आणि फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची नवी नवी आवृत्ती ‘स्टेबल’मध्येच घ्यायला सुरुवात केली. दुसरा अपवाद जगभरच्या वेळांचा. एखादा देश आपली घड्याळे तासभर पुढे करायचे ठरवतो; ती माहिती ‘स्टेबल’मध्येही ताबडतोब येते. कोणी म्हणत नाही की दोन वर्षे थांबा. कारण तिथे प्रोग्राम बदललेला नसतो, जग बदललेले असते.

माझे म्हणणे असे, की लिपी याच वर्गात बसते. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबई आयआयटीत घडलेले डी. उदयकुमार यांचे ₹ हे चिन्ह स्वीकारले. १० ऑक्टोबरला उबुंटू १०.१०च्या फॉन्टमध्ये ते आले, युनिकोडची ६.० आवृत्ती त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाली. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमधली १०.०४ ही एलटीएस, जी सावध माणसाने आणि सावध संस्थेने घ्यावी, तिच्या मूळ संचात हे चिन्ह असणे शक्यच नव्हते. देशाने आपल्या चलनाला चिन्ह दिले, याला ‘नवी सोय’ म्हणून पुढच्या आवृत्तीपर्यंत ताटकळत ठेवणे म्हणजे घड्याळाचा बदल नाकारण्यासारखेच. ‘ॲ’ची गोष्ट तीच.

‘ॲ’च्या बाबतीत तर उशीर कायमचा सांडून राहतो. जुन्या रीतीने जोडलेला ‘अ‍ॅ’ आणि नवा एकसंध ‘ॲ’ डोळ्यांना सारखेच दिसतात; युनिकोडच्या हिशेबी मात्र ते एक नाहीत, आणि आपोआप एक धरलेही जात नाहीत. प्रत्येक वकिलाच्या नावाआधी येणारा ‘ॲड.’ कोणत्याही मराठी नोंदसंग्रहात दोन तऱ्हांनी टंकला गेला, तर एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेच्या नोंदी सापडणार नाहीत. नवे अक्षर दिसत नाही म्हणून लोक जुनी जोडणी करत राहतात, आणि फॉन्ट सुधारल्यावरही बोटांची सवय जात नाही. आज अहिराणीचे शब्द, ओव्या, गाणी कितीतरी जण टंकून ठेवत आहेत. अहिराणीला स्वतंत्र लिपी नाही. ती देवनागरीच्या याच फॉन्टवर आणि याच जोडणीवर जगते. मराठीला जे उशिरा मिळते ते तिला त्याहून उशिरा.

सुदैवाने हे काम करणारी माणसे दूर नव्हती. रेड हॅटने २००४मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिपींचे फॉन्ट मुक्त केले; नाव संस्कृतमधले, अर्थ तांबडा. पुण्यातल्या अभियंत्यांनी ते पुढे वर्षानुवर्षे सांभाळले, आणि २०११मध्ये त्यांना फॉन्टसाठीचा खास मुक्त परवाना दिला गेला, त्यामुळे कोणत्याही वितरणाला ते सहज उचलता आले. अशा पॅकेजबद्दल डेबियनकडे किंवा फेडोराकडे तक्रार नोंदवायला पदवी लागत नाही. अमुक अक्षर अमुक ठिकाणी तुटते, हे नमुन्यासह सांगता आले पाहिजे, आणि ते सांगणारा जितका पक्का मराठी वाचक तितके बरे.

शेवटचा मुद्दा यंत्रांचा. गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत देणगीतून आलेली जुनी ३२-बिटी यंत्रे अजून आहेत. त्यांना लिनक्सचाच आधार होता. उबुंटूने ऑक्टोबर २०१७च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी डेस्कटॉपचा संच काढणे थांबवले. डेबियन १३ आता अशा यंत्रावर नव्याने बसवता येत नाही. डेबियन १२ची देखभाल, दीर्घ मुदतीची धरून, जून २०२८पर्यंत आहे. अशा यंत्राला त्यानंतर इंटरनेटला जोडू नये. वाचायला, टंकायला, छापायला ते चालेल. त्यावर ‘ॲ’ किंवा ₹ यांच्या जागी चौकट येत असेल, तर सगळी व्यवस्था न हलवता नव्या फॉन्टची एक फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या फॉन्टच्या कप्प्यात टाकली की पुरते. प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. पण ‘तऱ्हा’मधला ‘ऱ्’ सुटा पडत असेल किंवा जोडाक्षर मोडून पाय बाहेर येत असेल, तर दोष बहुधा अक्षरजोडणी करणाऱ्या भागाचा असतो. तिथे फॉन्टची फाइल पुरत नाही. तुळईलाच हात घालावा लागतो.